तार ठीक, लाईट लाल, तरी आवाज गुल!

होस्टेलमध्ये होम थिएटर बंद पडलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. पहिला येतो तो मागच्या सगळ्या पिना उपटून परत खोचतो. दुसरा रिमोटचे सेल काढून तळहातावर चोळतो. तिसरा ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर एक थाप मारतो. चौथा सिव्हिलचा असला तरी छातीठोकपणे सांगतो, "आयसी उडालाय." मग वर्गणीची भाषा सुरू होते. या सगळ्या गडबडीत एक काम कोणीच करत नाही. आवाज कुठपर्यंत पोचला आणि नेमका कुठे अडला, हे कोणी शोधत नाही.

लाल-पांढऱ्या पिनांच्या ॲनालॉग जमान्यात हे शोधणं सोपं होतं. पिन सैल असली की खरखर यायची, एक वायर तुटली की एकच बाजू वाजायची. आवाज स्वतःच आपलं दुखणं सांगायचा. डिजिटल जोडणीत तसं होत नाही. आवाज आला तर स्वच्छ येतो, नाहीतर अजिबात येत नाही. त्यामुळे बिघाड गूढ वाटतो आणि चांगली वस्तू भंगारात जाते. तसं होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच.

कॉमन रूमचा मामला

आमच्या होस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक जुना ए/व्ही रिसीव्हर आहे. रिसीव्हर म्हणजे डिकोडर आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात. त्याला पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे आपलं ५.१. पास आउट झालेल्या एका बॅचने जाताना वर्गणी काढून तो होस्टेलला दिला होता. त्याला एचडीएमआय नाही, पण ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियल अशी दोन्ही प्रकारची डिजिटल इनपुट आहेत.

जुन्या टीव्हीबरोबर सगळं सुरळीत होतं. मग नवीन टीव्ही आला. तीच ऑप्टिकल वायर तशीच लावली आणि विचित्र प्रकार सुरू झाला. बातम्या लावल्या, आवाज आला. गाणी लावली, ती पण वाजली. टीव्हीतल्याच ॲपवर सिनेमा लावला की चित्र चालू आणि आवाज गुल! दुकानातून आलेल्या माणसाने दहा मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "डिकोडरचा आयसी गेला. बोर्ड बदलायला चार-साडेचार हजार लागतील. त्यापेक्षा नवीन साउंडबार घ्या." रेक्टर सर म्हणाले, "इतके इलेक्ट्रॉनिक्सवाले राहतात इथे, आधी तुम्ही बघा. रविवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल."

आम्ही तिघं कामाला लागलो. होस्टेलच्या शिपाई मामांनी कपाटातून रिसीव्हरचं मूळ मॅन्युअल काढून दिलं. इतकी वर्षं ते जपून ठेवल्याबद्दल मामांना सलाम! पण मॅन्युअल कळायला आधी त्या वायरमधून काय जातं ते कळायला हवं.

एकतर्फी बोलणं

टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स यांच्या मागे जे डिजिटल आउटपुट असतं, त्याचं नाव एस/पीडीआयएफ. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांच्या नावांवरून ते पडलं. त्याची दोन रूपं आहेत. कोअ‍ॅक्सियलमध्ये साधी आरसीए पिन आणि ७५ ओहमची वायर असते. सिग्नल असतो सुमारे अर्ध्या व्होल्टचा. ऑप्टिकलमध्ये तोच डेटा लाल प्रकाशाच्या उघडझापीतून प्लास्टिकच्या तंतूमधून जातो. ही जोडणी तोशिबाने १९८३ मध्ये आणली, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. दोन्हींतला डेटा एकच, फक्त वाहन वेगळं.

आता थोडं गणित. एस/पीडीआयएफची एक फ्रेम ६४ बिटची असते. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला ४८,००० फ्रेम, म्हणजे ३०,७२,००० बिट. एका फ्रेममध्ये डाव्या आणि उजव्या अशा दोनच चॅनलना जागा असते. हा झाला साधा पीसीएम स्टीरिओ. ५.१ चे सहा चॅनल १६ बिटने न दाबता पाठवायचे म्हटले, तर ६ × १६ × ४८,००० = ४६,०८,००० बिट लागतील. म्हणजे ते या वायरमध्ये मावतच नाहीत!

म्हणून आवाज दाबून, गठ्ठा बांधून पाठवतात. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर थिएटरात आलं, डीटीएस १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल ट्रॅक जास्तीत जास्त ४४८ किलोबिट प्रतिसेकंद इतकाच असतो, त्यामुळे तो आरामात मावतो. हा गठ्ठा पीसीएमच्याच जागेत बसून जातो आणि सोबत एक खूण जाते की, "हे सरळ वाजवू नका, आधी उलगडा." मेनूमध्ये या गठ्ठ्याला 'बिटस्ट्रीम' म्हणतात.

इथेच खरी गोम आहे. एस/पीडीआयएफ पूर्णपणे एकतर्फी आहे, अगदी पोस्टकार्डासारखं. टीव्ही पाठवत राहतो, रिसीव्हर ऐकत राहतो. "बाबा रे, तुला डॉल्बी कळतं का?" असं टीव्ही विचारू शकत नाही. "नाही कळत, साधं पीसीएम पाठव" असं रिसीव्हर सांगू शकत नाही. चुकलेला डेटा परत मागायची सोयही नाही. दोन्ही टोकांनी एकच भाषा बोलावी ही जबाबदारी मेनू सेट करणाऱ्या माणसावर, म्हणजे आपल्यावर येते. वायर शाबूत असूनही आवाज गेला, तर पहिला संशय भाषेवर घ्यावा. स्क्रू ड्रायव्हर नंतर.

अर्धा-अर्धा करत शोधा

आवाजाचा रस्ता असा आहे: टीव्हीचं सेटिंग, टीव्हीचं आउटपुट, वायर, रिसीव्हरचं इनपुट, डिकोडर, ॲम्प्लिफायर, स्पीकर. सात ठिकाणी सात संशयित. एकेक तपासत बसण्यापेक्षा मध्येच कापायचं आणि कुठला अर्धा भाग निर्दोष आहे ते बघायचं. आम्ही तीन चाचण्या केल्या.

पहिली, टेस्ट टोन. बहुतेक रिसीव्हरमध्ये स्वतःचा 'शssss' असा आवाज प्रत्येक स्पीकरवर क्रमाने फिरवण्याची सोय असते. तो सहाही ठिकाणी वाजला. म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि स्पीकरच्या वायरी सुटल्या. ही चाचणी सगळ्यात आधी करा. एका बटणात अर्धा प्रश्न सुटतो.

दुसरी चाचणी आपोआपच झाली होती. बातम्यांचा आवाज त्याच ऑप्टिकल वायरने येत होता. म्हणजे टीव्हीचा लाल एलईडी, वायर आणि रिसीव्हरचं ऑप्टिकल सॉकेट तिन्ही चालू. ही वायर बदलून काहीच हाती लागलं नसतं.

तिसरी चाचणी महत्त्वाची. शेजारच्या ब्लॉकमधून डीव्हीडी प्लेअर आणला, त्याचं डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम'वर ठेवलं आणि तो कोअ‍ॅक्सियलने जोडला. डॉल्बी ट्रॅकची डिस्क टाकताच डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं आणि मागचे स्पीकरसुद्धा बोलू लागले. इनपुट कुठलंही असो, उलगडणारा डिकोडर एकच. ज्याला मृत घोषित केलं होतं तो आयसी ठणठणीत जिवंत निघाला!

आता एकच संशयित उरला. टीव्हीच्या इनपुटला रिसीव्हर काय वागणूक देतो? मॅन्युअलमध्ये उत्तर मिळालं. प्रत्येक इनपुटसाठी 'इनपुट मोड' वेगळा लक्षात ठेवला जातो: ऑटो, पीसीएम किंवा डीटीएस. आमच्या टीव्हीच्या इनपुटला तो पीसीएमवर अडकवलेला होता. असं कोणी मुद्दाम का करेल? त्याचंही कारण मॅन्युअलमध्येच होतं. ऑटोवर रिसीव्हर आधी सिग्नल ओळखतो आणि मग वाजवतो, त्यात कधीकधी गाण्याची सुरुवात कापली जाते. ती कापली जाऊ नये म्हणून पीसीएम मोड. जुना टीव्ही फक्त पीसीएमच पाठवत होता, त्यामुळे कधी कोणाचं काही अडलं नाही. नवीन टीव्ही सिनेमाच्या वेळी डॉल्बी पाठवू लागला आणि रिसीव्हरने कानात बोळे घातले. मोड ऑटोवर केला, सिनेमा बोलू लागला. खर्च शून्य रुपये. सोमवारी भंगारवाला आला तो जुनी वर्तमानपत्रं घेऊन गेला.

लक्षणांवरून निदान

प्रत्येकाचा बिघाड हाच असेल असं नाही. पण डिजिटल जोडणीची लक्षणं मोजकीच आहेत.

पूर्ण शांतता: ऑप्टिकल वायर टीव्हीला लावा आणि दुसरं टोक तळहातावर धरा. लाल ठिपका दिसला तर प्रकाश येतोय. नाही दिसला तर टीव्हीच्या मेनूत आवाजाचं आउटपुट 'टीव्ही स्पीकर'वरच राहिलेलं असेल, किंवा वायर आत तुटली असेल. लाल ठिपका म्हणजे प्रकाश पोचल्याची पावती. भाषा जुळल्याची पावती डिस्प्लेवर मिळते. नवीन वायरच्या दोन्ही टोकांना छोटी पारदर्शक टोपणं असतात, ती काढली का बघा. हे हास्यास्पद वाटेल, पण होतं. प्लग एकाच दिशेने बसतो आणि बसल्यावर 'टक' होतं. त्यानंतर रिसीव्हरवर बरोबर इनपुट निवडलंय का ते बघा. काही रिसीव्हरमध्ये कुठलं सॉकेट कुठल्या बटणाला जोडायचं हे मेनूतून ठरवता येतं. वायर एका नावाला आणि बटण दुसऱ्या, असा घोळ तिथे होतो.

धबधब्यासारखा खरखराट: आधी आवाज झटकन कमी करा. स्पीकर जळू शकतो. बिटस्ट्रीमचा गठ्ठा न उलगडता तसाच पीसीएम समजून वाजवला जातोय. पाठवणाऱ्या बाजूला पीसीएम करा, किंवा ऐकणाऱ्या बाजूला ऑटो.

फक्त पुढचे दोन स्पीकर चालू: सिग्नलच स्टीरिओ आहे. कार्यक्रम मुळात स्टीरिओ असेल, नाहीतर टीव्हीचं आउटपुट पीसीएमवर असेल. अनेक टीव्ही आणखी एक गंमत करतात. सेट-टॉप बॉक्सकडून एचडीएमआयने आलेला ५.१ आवाज ऑप्टिकलमधून बाहेर काढताना दोन चॅनलचा करून टाकतात. अशा वेळी सेट-टॉप बॉक्सला स्वतःचं डिजिटल आउटपुट असेल तर ते थेट रिसीव्हरला लावा.

सगळे स्पीकर चालू, पण मजा नाही: डिस्प्ले वाचा. 'प्रो लॉजिक' लिहिलं असेल तर रिसीव्हर दोन चॅनलमधून अंदाजाने पाच बनवतोय. 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' दिसलं तरच खरं ५.१. कान फसतात, डिस्प्ले सहसा फसत नाही.

आवाज मध्येच क्षणभर जाणं, टकटक होणं: एस/पीडीआयएफमध्ये वेगळी क्लॉक वायर नसते. डेटाच्या चढउतारातूनच क्लॉक ओळखून रिसीव्हर त्याच्याशी जुळतो. डेटा तुटला की ही जुळणी सुटते आणि परत जुळेपर्यंत शांतता. लाइन कोडिंगच्या व्हायवात ज्याला बायफेज मार्क म्हणतात तो हाच. वायर कपाटाच्या मागे काटकोनात दुमडली आहे का, सॉकेटमध्ये धूळ आहे का, प्लग अर्धवट बसलाय का ते तपासा. ऑप्टिकल तंतूला सुरकुती चालत नाही, मोठं वळण द्या. लांबीही उगाच वाढवू नका. पाच मीटरच्या आत असलेली बरी.

गुणगुण: हा ५० हर्ट्झचा अर्थिंगचा खेळ आहे. कोअ‍ॅक्सियलची बाहेरची जाळी दोन यंत्रांचे सांगाडे जोडते. केबल टीव्हीच्या वायरमधून दुसरीकडचं अर्थिंग आलेलं असलं की वर्तुळ पूर्ण होतं. ऑप्टिकलमध्ये धातू नसतो, त्यामुळे ती लावली की हे वर्तुळ तुटतं. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावूनही फरक पडतो. पण गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ती आपल्या जिवासाठी आहे.

ओठ आधी, आवाज नंतर किंवा उलट: चित्र सुधारण्यात टीव्हीचा वेळ जातो, तोवर आवाज पुढे निघून गेलेला असतो. रिसीव्हरच्या 'ऑडिओ डिले'मध्ये मिलिसेकंद वाढवत न्या. २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ४०-४० ने सुरुवात करा. उलट आवाज मागे पडत असेल तर आधी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींतला डिले शून्यावर आणा.

टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही: ऑप्टिकलवर हे बहुधा बिघाडाचं लक्षण नसतं. आवाज ठरावीक पातळीने जातो, तो कमी-जास्त करायचं काम रिसीव्हरचं.

एचडीएमआय विचारून बोलतं

एचडीएमआयची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये आली. तिथे मात्र दोन्ही टोकांत विचारपूस होते. समोरच्याला काय काय समजतं ते आधी विचारलं जातं आणि मग आवाज पाठवला जातो. टीव्हीतला आवाज त्याच वायरने उलट रिसीव्हरकडे नेणारं एआरसी २००९ च्या १.४ आवृत्तीत आलं. मोठ्या क्षमतेचं ईएआरसी आलं २०१७ च्या २.१ आवृत्तीत.

एआरसी चालत नसेल तर तीन गोष्टी बघा. वायर दोन्हीकडे 'एआरसी' लिहिलेल्याच पोर्टमध्ये हवी, टीव्हीला सहसा असं एकच पोर्ट असतं. सीईसी चालू हवं. हे नाव मेनूत सापडणार नाही, कारण प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगमध्ये ॲनिनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक. आणि तिसरं, विचारपूस मध्येच अडकली असेल तर दोन्ही यंत्रं भिंतीच्या बटणावरून एक मिनिट बंद ठेवा. रिमोटने बंद केलेलं यंत्र फक्त डुलकी घेतं, झोपत नाही. साध्या एआरसीची क्षमता मात्र ऑप्टिकलच्याच जातीची. न दाबलेला ५.१ तिथूनही जात नाही, त्याला ईएआरसी लागतं.

खोलीतला पीसी आणि छोटा डबा

होस्टेलच्या खोल्यांतले बरेचसे '५.१' स्पीकर खरं तर ॲनालॉग असतात. त्यांना डिकोडर नसतो, त्यांना पीसीच्या तीन पिनांतून सहा चॅनल लागतात: हिरवी पुढच्यांसाठी, काळी मागच्यांसाठी आणि नारिंगी मधला स्पीकर व सबवूफरसाठी. अशा स्पीकरला टीव्ही जोडायला बाजारात एक छोटा डबा मिळतो. ऑप्टिकल आत, लाल-पांढरी पिन बाहेर. साधारणपणे या स्वस्त डब्यांना फक्त पीसीएम कळतं. टीव्ही 'ऑटो'वर राहिला तर शांतता किंवा खरखराट, आणि डब्याला शिव्या. टीव्हीचं आउटपुट पीसीएम करा, डबा सुधारतो.

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर ऑप्टिकल असेल तर आणखी एक कोडं पडतं. सिनेमा ५.१ मध्ये वाजतो, पण गेम फक्त दोन स्पीकरवर. सिनेमाच्या फाइलमध्ये डॉल्बीचा गठ्ठा तयारच असतो, प्लेअर तो 'पास-थ्रू'ने पुढे ढकलतो. गेमचा आवाज मात्र त्या क्षणी तयार होतो. तो लगेच गठ्ठ्यात बांधायला साउंड कार्डात डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्टसारखी सोय लागते. ती नसेल तर गेमसाठी सरळ तीन पिना लावा. आणि पास-थ्रू चालू असताना पीसीवरचा व्हॉल्यूमचा दांडा हलवून काही होत नाही, कारण गठ्ठा वाटेत उघडत नाहीत.

जाता जाता

महागड्या सोनेरी पिनेच्या वायरीवर पैसे घालू नका. मीटर-दीड मीटरसाठी साधी धड वायर पुरते. कोअ‍ॅक्सियलसाठी जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी पिनवाली व्हिडिओ वायर चालते, ती ७५ ओहमचीच असते. ॲम्प्लिफायरचं झाकण मात्र कुतूहल म्हणूनही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

आणि एक छोटं काम आजच करा. रिसीव्हरच्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर लिहा: कुठली वायर कुठल्या सॉकेटला आहे, टीव्हीचं आउटपुट कशावर ठेवलंय, रिसीव्हरचा इनपुट मोड काय आहे आणि टेस्ट टोनचं बटण कुठलं. खाली तारीख टाका. आपण चार वर्षांत निघून जातो, यंत्र मागे राहतं. त्या दोन टोकांत काय ठरलं होतं ते वायर सांगू शकत नाही. पुढच्या बॅचला ते कागदच सांगेल.